पहिली कोण, आणि दुसरी केव्हा?

गावात एखादी स्त्री पहिलीच पदवीधर किंवा पहिलीच सरपंच झाली म्हणजे तीस हार घालून तिचा सत्कार करण्याची रीत आहे. त्यावर कित्येक समंजस बंधू आम्हांस विचारितात की, स्त्रियांनी इतक्या वाटा चोखाळल्यावर आता ‘पहिली’चे कौतुक कशास? प्रश्न वाजवी आहे.

कॉर्नेलिया सोराबजी ही १८६६ साली नासिक येथे जन्मली. तिचे वडील पारशी धर्मातून ख्रिस्ती झालेले होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून ती मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर झाली. तिच्या गुणांवरून विलायतेत शिकण्याची शिष्यवृत्ती तीस मिळावयाची होती. परंतु स्त्री म्हणून ती नाकारण्यात आली. तेव्हा काही हितचिंतकांनी वर्गणी जमवून तीस ऑक्सफर्डास शिकविले, व १८९२ साली तिने तेथे कायद्याची परीक्षा दिली. पण स्त्रियांस पदवी देणे त्या विद्यापीठाने १९२० साली आरंभिले, आणि हिंदुस्थानात स्त्रियांच्या वकिलीची आडकाठी कायद्याने दूर झाली ती १९२३ साली. परीक्षा व हक्क यांमध्ये ३१ वर्षे लोटली! मधल्या काळात ती पडदानशीन विधवांच्या मालमत्तेची कामे पाहत राहिली. तिचे नुसते नाव घेऊन टाळ्या वाजविणाऱ्यास ही ३१ वर्षे दिसत नाहीत. आणि आमच्या मते शिकण्याजोगे जे आहे, ते त्यांतच आहे.

सर्वोच्च न्यायालय १९५० साली स्थापन झाले. तेथे पहिली स्त्री न्यायाधीश, फातिमा बीवी, १९८९ साली आली. दुसरी, सुजाता मनोहर, १९९४ साली. पहिली आली म्हणून दार उघडले असे समजणे किती घाईचे, हे यावरून कळावे.

गणना पुस्तकाच्या २७ व्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून बापाचे वतन मागतात. निवाडा त्यांच्या बाजूने झाला. पण तो तेवढ्या पाच जणींपुरता राहिला नाही, सर्व इस्राएलास नियम झाला. (३६ व्या अध्यायात त्या हक्कास विवाहाची अट कशी जोडिली गेली, हेही वाचकांनी अवश्य पाहावे.)

आता आपल्या गावांकडे वळू. १९९३ पासून पंचायतींत स्त्रियांस एक तृतीयांश जागा मिळू लागल्या, व महाराष्ट्रात २०११ साली त्या निम्म्या झाल्या. तरी आम्ही अशीही कचेरी पाहिली आहे की, फलकावर नाव पत्नीचे आणि खुर्चीत पती! अशा बाईचा सत्कार करावा काय? आम्ही म्हणतो, अवश्य करावा. मात्र तीस त्या खुर्चीत बसवून करावा, आणि सभा तिनेच चालवावी. उपदेशक बंधूंनी येत्या रविवारी आपल्या मंडळीत एवढे विचारून पाहावे: गेल्या वर्षी किती मुलींनी शाळा सोडिली, आणि त्यांच्या भावांनी ती सोडिली काय?