मैत्रीचे मोल

पैशाने पुष्कळ गोष्टी मिळतात. अन्न मिळते, वस्त्र मिळते, राहावयास घर मिळते. वाहवा करणारे चार लोकही भोवती जमतात. मग पैशाने मित्र का मिळू नये? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी महाभारतातील दोन कथा आपण ताडून पाहू.

द्रुपद हा पांचाल देशाचा राजपुत्र आणि द्रोण हा भरद्वाज ऋषींचा पुत्र. लहानपणी दोघे भरद्वाजांच्या आश्रमात एकत्र शिकले, एकत्र खेळले. पुढे द्रुपद राजा झाला; द्रोणाच्या वाट्यास मात्र दारिद्र्य आले. एकदा मुलांनी पाण्यात पीठ कालवून त्याच्या अश्वत्थाम्याला दिले. ते दूधच समजून तो बालक आनंदाने नाचू लागला. ते पाहून द्रोणाचे काळीज तुटले. जुना स्नेह आठवून तो द्रुपदाकडे गेला. परंतु राजाचा मित्र राजाच असावा लागतो, असे म्हणून द्रुपदाने त्याला झिडकारले.

द्रोणाने तो अपमान गिळला नाही. पुढे कौरवपांडवांना धनुर्विद्या शिकविल्यावर त्याने द्रुपदाला पकडून आणण्याची गुरुदक्षिणा मागितली. अर्जुनाने ती पुरी केली. द्रोणाने पांचालांचे अर्धे राज्य स्वतःकडे ठेवून घेतले आणि आता आपण बरोबरीचे झालो, तेव्हा मैत्री करू, असे द्रुपदास सांगितले. द्रुपदाने वरवर मान डोलाविली. पण मनातून तो जळत राहिला. द्रोणाला मारील असा पुत्र व्हावा म्हणून त्याने यज्ञ केला. त्या यज्ञातून धृष्टद्युम्न जन्मला आणि भारतीय युद्धाच्या १५ व्या दिवशी त्यानेच द्रोणाचा वध केला. अर्धे राज्य हाती आले. गेलेली मैत्री मात्र आली नाही.

आता दुसरी कथा पाहा. हस्तिनापुरात राजपुत्रांची परीक्षा चालली असता कर्णाने अर्जुनास आव्हान दिले. तेव्हा त्याला कुळ विचारण्यात आले आणि त्याची मान खाली गेली. त्याच क्षणी दुर्योधनाने त्याला अंगदेशाचा राजा केले. याच्या बदल्यात काय देऊ, असे कर्णाने विचारताच दुर्योधनाने केवळ मैत्री मागितली.

हा तर उघड सौदा झाला, असे कोणी म्हणेल. अर्जुनाच्या तोडीचा योद्धा दुर्योधनाला हवाच होता. परंतु विकत घेतलेली वस्तू अधिक मोल देणाराकडे जाते. युद्धापूर्वी श्रीकृष्णाने कर्णाला त्याचे जन्मरहस्य सांगितले आणि पांडवांचे सर्व राज्य त्याच्यापुढे ठेविले. कर्णाने ते नाकारले. ते राज्य मिळाले तरी आपण ते दुर्योधनालाच देऊन टाकू, असे तो म्हणाला. अंगदेशाच्या मोलाने तो विकला गेला असता, तर याहून मोठ्या राज्यापुढे तो डळमळल्यावाचून राहिला नसता. त्याला बांधून ठेविले ते राज्याने नव्हे. आपली मान खाली गेली असता कोणी तरी आपला हात धरला, या आठवणीने.

तरीही ही मैत्री सर्वस्वी निर्दोष नव्हती. द्यूतसभेत द्रौपदीची विटंबना झाली, तेव्हा दुर्योधनाचा धाकटा भाऊ विकर्ण अन्यायाविरुद्ध बोलला. कर्णाने मित्राला आवरावयाचे सोडून विकर्णालाच गप्प केले. मित्रासाठी प्राण देण्याची त्याची तयारी होती. पण मित्राला 'हे चुकते आहे' असे त्याने त्या दिवशी सांगितले नाही.

मित्राच्या अडचणीत त्याला पैसा द्यावा, प्रसंगी त्याच्याकडून घ्यावाही. मात्र पैसा देऊन मैत्री घेता येत नाही, आणि घेतलेल्या पैशाखातर सत्य गिळू नये.

प्रश्न
१. अर्धे राज्य घेऊनही द्रोणाला द्रुपदाची मैत्री का मिळाली नाही?
२. कर्णाची मैत्री विकत घेतलेली नव्हती, हे कशावरून ठरते?
३. द्यूतसभेत दुर्योधनाचे खरे हित कोणी पाहिले, कर्णाने की विकर्णाने? तुमचे मत सकारण लिहा.