अंदाजाचे मीठ

ठाणे जिल्ह्यात कामवारी नदीच्या काठी वसलेले भिवंडी हे यंत्रमागांचे शहर होय. रमजान महिना लागला, की येथील मुसलमान कुटुंबांत पहाटेपूर्वीच स्वयंपाकघरे जागी होतात. उजाडण्याआधीच्या या भोजनास सहरी म्हणतात. पोटास आधार देईल, पण तहान वाढविणार नाही, असे पदार्थ गृहिणी त्या वेळी करते. त्यानंतर सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंबही घ्यावयाचा नसतो.

चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान असते. त्यामुळे हा महिना सर्व ऋतूंतून फिरतो. भर उन्हाळ्यात तो आला, तर रोजा १४ तासांच्याही पुढे जातो.

दुपार कलली, की इफ्तारची तयारी सुरू होते. फळे चिरली जातात, भजी तळली जातात, सरबत ढवळले जाते. करणारीचाही रोजाच असतो. चाखून पाहणे ती टाळते. मीठ पडते, ते केवळ हाताच्या अंदाजाने! सूर्यास्ताची अजान झाली, की खजुराने रोजा सोडतात. तत्पूर्वी एक झाकलेले ताट शेजारी पोचलेले असते.

१९७० व १९८४ साली या गावाने दंगलींची होरपळ सोसली. पुढे मोहल्ला समित्यांत दोन्ही समाजांची माणसे एकत्र बसू लागली. १९९२-९३ साली मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. अशा गावी त्या ताटाचे मोल किती, हे का सांगावयास हवे?

स्वाध्याय
१. रमजान निरनिराळ्या ऋतूंत का येतो?
२. पाठाला ‘अंदाजाचे मीठ’ हे नाव का दिले असावे?