जबड्याचे हाड लांबविण्याची शस्त्रक्रिया : धोके आणि दक्षता

काही बालकांचा खालचा जबडा जन्मतःच आखूड असतो. जीभ मागे सरकून श्वास कोंडतो. अशा वेळी जबड्याचे हाड छेदून, त्यावर स्क्रूचे उपकरण बसवून ते हळूहळू लांबविता येते. सायबेरियातील डॉ. इलिझारोव्ह यांनी हातापायांच्या हाडांसाठी विकसित केलेले हे तत्त्व न्यूयॉर्कचे डॉ. जोसेफ मॅकार्थी यांनी मुलांच्या जबड्यासाठी वापरले व १९९२ मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

शस्त्रक्रियेनंतर सामान्यतः ५ ते ७ दिवस थांबून रोज सुमारे १ मिलिमीटर अंतर वाढवितात. या गतीतच यशाचे मर्म आहे. घाई झाल्यास फटीत हाडाऐवजी तंतुमय ऊतक तयार होते. दिरंगाई झाल्यास हाड वेळेपूर्वीच सांधते आणि ते पुन्हा छेदावे लागते. मज्जातंतूस इजा झाल्यास खालचा ओठ बधिर होतो. दातांच्या अंकुरांना धक्का पोहोचणे, उपकरणाभोवती पू होणे, वरखालचे दात नीट न जुळणे, हेही धोके संभवतात.

अपेक्षित लांबी मिळाल्यावरही नवे हाड टणक होईपर्यंत काही आठवडे उपकरण तसेच ठेवावे लागते. स्क्रू फिरविण्याचे काम पुष्कळदा घरी पालकांकडेच येते. म्हणून त्यांनी रोजच्या फेऱ्यांची नोंद ठेवावी, जखम स्वच्छ राखावी आणि ताप, सूज वा बधिरपणा दिसताच विनाविलंब शल्यचिकित्सकांना दाखवावे, हे अगत्याचे आहे.