पंचवीसपैकी नव्हे, एकवीसपैकी

विषाणूजन्य श्वसनविकाराने दाखल झालेल्या रुग्णाच्या जिवाला किती धोका आहे, याचा अंदाज पहिल्या काही तासांतल्या तपासण्यांवरून बांधता येतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये यवतमाळ, अमरावती, अकोल्यात कोरोना पुन्हा उसळला, त्या सुमारास महाराष्ट्रभर एकच प्रश्न ऐकू येई: ‘स्कोर किती आला?’ हा स्कोर छातीच्या एचआरसीटी स्कॅनचा, २५ पैकी. फुफ्फुसाचा किती भाग बाधित आहे ते त्यावरून कळते. रुग्ण वाचेल की नाही हे सांगायला तो एकटा पुरत नाही.

त्यासाठी ‘फोर-सी’ गुणांकन अधिक उपयोगी. ब्रिटनमधल्या सुमारे ३५ हजार कोरोना रुग्णांच्या नोंदींवरून ते तयार झाले आणि सप्टेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. वय, लिंग, जुने आजार, श्वासांची गती, ऑक्सिजन, शुद्ध, रक्तातील युरिया आणि सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारा रक्तघटक) या आठ गोष्टींचे मिळून २१ गुण. सर्वाधिक वजन वयाला: पन्नाशीच्या आत शून्य, ऐंशीनंतर ७. मधुमेह असलेला ६५ वर्षांचा पुरुष घ्या. श्वास मिनिटाला २६, ऑक्सिजन ९० टक्के, सीआरपी ११०, युरिया आणि शुद्ध ठीक. त्याचे गुण होतात ११. याच तपासण्या असलेल्या, पण जुना आजार नसलेल्या ३५ वर्षांच्या तरुणाचे ६. मूळ अभ्यासात ९ ते १४ गुणांच्या गटात सुमारे ३१ टक्के रुग्ण दगावले, ४ ते ८ च्या गटात सुमारे १० टक्के. हे प्रमाण गटाचे आहे, एका माणसाचे भाकीत नव्हे. शिवाय ते लसीआधीच्या काळातले. लस घेतलेल्यांना किंवा फ्लूच्या रुग्णांना ते जसेच्या तसे लावू नये.

आठांपैकी सर्वांत दुर्लक्षित राहते ती श्वासांची गती. तिला यंत्र लागत नाही, बहुधा म्हणूनच. रुग्ण शांत पडलेला असताना, त्याला न सांगता, पूर्ण एक मिनिट छातीची हालचाल मोजावी. सांगितले की श्वास बदलतो. प्रौढ माणसाचा श्वास २४ च्या वर किंवा ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला, तर घरी थांबू नये. ऑक्सिमीटर लावताना नखावर मेंदी वा नेलपॉलिश नसावे.

अशा वेळी यवतमाळजवळच्या लोहाऱ्यातल्या रुग्णांना यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय जवळ आहे. तिथे जाताना चालू गोळ्यांची पाकिटे, दम्याचा पंप आणि जुने रिपोर्ट सोबत न्यावेत. जुन्या आजारांचे गुण बरेचदा रुग्णाने व नातेवाइकांनी दिलेल्या माहितीवरून ठरतात, आणि साखरेचा आजार लपवला तर धोका कमी मोजला जातो.