छायाचित्र लहान करताना फलकावरील अक्षरे

मंगरूळपीर तालुक्यातील एखाद्या गावी सिंचन विहीर पूर्ण होते, भ्रमणध्वनीवर तिचे छायाचित्र घेतले जाते आणि ते पंचायत समितीमार्फत वाशिमला पोहोचते. रोजगार हमीच्या कामांची स्थाननोंद असलेली छायाचित्रे ठेवण्यास २०१६ मध्ये आरंभ झाला. नोव्हेंबर २०१७ पासून कामापूर्वी, काम चालू असताना व काम झाल्यावर अशा तिन्ही टप्प्यांची छायाचित्रे अपेक्षित झाली. छायाचित्र हा अशा रीतीने पुरावा ठरला. परंतु संचिका उघडावी, तर कामाच्या फलकावर अक्षरांऐवजी केवळ पांढुरके डाग दिसतात. दोष बहुधा कॅमेऱ्याचा नसून आकार बदलण्याच्या रीतीचा असतो.

१२ मेगापिक्सेलच्या छायाचित्रात सामान्यतः रुंदीत ४,००० व उंचीत ३,००० बिंदू असतात. रुंदी ८०० केली की मूळच्या २५ बिंदूंच्या जागी एकच उरतो. चांगली संगणक प्रणाली आसपासच्या बिंदूंची सरासरी काढून तो ठरविते. सदोष प्रणाली २५ पैकी एक उचलते व उरलेले टाकून देते. मग तिरप्या रेषा दातेरी होतात. फलकावरील ६० बिंदू उंचीचे अक्षर ८०० च्या चित्रात १२ बिंदूंचे आणि ४०० च्या चित्रात अवघे ६ बिंदूंचे होते. देवनागरीला हे विशेष जाचक आहे. शिरोरेषा, तिच्यावरील मात्रा आणि खालचा उकार एवढे सारे त्या सहा बिंदूंत मावणार कसे? प्रथम अनुस्वार जातो, आणि मंगरूळचे मगरूळ होते!

यावर सर्वांत उपयुक्त उपाय म्हणजे आधी कातरणे. आभाळ व मोकळे रान वगळून विहीर आणि फलक एवढाच २,००० बिंदू रुंदीचा भाग घेतला, तर ८०० च्या चित्रातही तेच अक्षर २४ बिंदूंचे राहते. लहान करणे मूळ प्रतीवरून आणि एकदाच करावे. रुंदी-उंचीचे प्रमाण बदलू नये. सरासरीमुळे आलेला किंचित मऊपणा घालविण्यासाठी कडा ठळक करण्याची सोय शेवटी, हलक्या हाताने वापरावी. अतिरेक झाल्यास अक्षरांभोवती पांढरी किनार उमटते.

जेपेग पद्धतीत चित्राचे ८ गुणिले ८ बिंदूंचे चौकोन पाडून बारीक तपशील गाळला जातो. तेच चित्र पुनःपुन्हा फेरफार करून जतन केल्यास ही झीज वाढत जाते. व्हॉट्सॲपवर छायाचित्र म्हणून पाठविलेली प्रत तर लहान होतेच, शिवाय तिच्यातील स्थाननोंदही गळते. तेथे ते दस्तऐवज म्हणून पाठवावे.

लहान झालेले चित्र मोठे केल्याने गेलेला तपशील परत येत नाही. वार्षिक अहवालात चार इंच रुंदीचे चित्र सुबक छापण्यास इंचाला ३०० या हिशेबाने १,२०० बिंदू लागतात. ४०० बिंदूंचे चित्र सव्वा इंचाहून थोड्याच अधिक जागेत स्पष्ट उमटते. म्हणून प्रत पाठविल्यानंतरही मूळ छायाचित्र कामाचा क्रमांक व वर्ष घालून ग्रामपंचायतीच्या संगणकात स्वतंत्र ठेवावे.