आधी हात लागू देत

अगं, सहावीला कचऱ्याचा धडा घ्यायचाय म्हणून तू तक्ते रंगवायला बसलीस म्हणे. माझं ऐकशील? ‘कचरा करू नका’ हे मुलांना पहिलीपासून पाठ आहे. पाठ आहे, पण पटलेलं नाही. पटायला वस्तू हातात यावी लागते.

पाण्याच्या रिकाम्या बाटलीपासून सुरुवात कर. बाटलीचे आणि तिच्या झाकणाचे बारीक तुकडे तूच कापून ने, कडा मुलांच्या हाताला लागतात. आता काय बुडेल नि काय तरंगेल, याचा अंदाज प्रत्येकाला वहीत लिहू दे. मगच तुकडे पाण्यात टाका. तुकड्यांना हवेचे बुडबुडे चिकटतात आणि प्रयोग फसतो, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब घाल आणि नीट ढवळ. बाटलीचे तुकडे तळाशी जातील, झाकणाचे वर राहतील. “बाई, दोन्ही प्लास्टिकच ना?” असं कुणी विचारलं, की लगेच उत्तर देऊ नकोस. थोडं भांडू दे त्यांना. मग सांग, बाटली पीईटीची, तिची घनता पाण्यापेक्षा जास्त. झाकण बहुधा एचडीपीई किंवा पॉलिप्रॉपिलीनचं, त्याची कमी. पुनर्वापराच्या कारखान्यातही बाटल्यांचा चुरा पाण्यात टाकून असाच वेगळा करतात. एवढं कळलं, की वेफर्सचं पाकीट फाडून आतली चंदेरी बाजू दाखव. प्लास्टिकवर धातूचा अतिशय पातळ थर असतो. तो सुटा करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला असल्या पाकिटांकडे बघतही नाही.

दुसरा प्रयोग संथ आहे, त्यामुळे तो सत्राच्या सुरुवातीलाच लाव. कुंडीतल्या ओलसर मातीत केळीची साल, वर्तमानपत्राचा तुकडा, सुती चिंधी आणि तेच वेफर्सचं पाकीट पुरा. जागेवर काड्या रोवून खुणा करा आणि दर महिन्याला उकरून मुलांना नोंद करू दे. साल कधीच नाहीशी झालेली असेल, पाकीट मात्र जसंच्या तसं निघेल. ओला आणि सुका कचरा वेगळा का ठेवायचा, हे मग तुला सांगावं लागणार नाही. मात्र वस्तू घरून धुऊन, वाळवून आणायला सांग. शाळेच्या कचरापेटीत कुणाचाही हात जाऊ देऊ नकोस, आणि शेवटी साबणाने हात धुतल्याशिवाय वर्ग सोडू नकोस.

आणखी एक, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कचरा वेचणाऱ्या एखाद्या मावशींना वर्गात बोलाव. पुण्यात अशा कष्टकऱ्यांनी 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी केली. कुठलं प्लास्टिक विकलं जातं, कुठलं नाही, हे त्यांना हाताच्या स्पर्शाने कळतं. त्यांना खुर्ची दे, मुलांना प्रश्न विचारू दे. तुझ्या वर्गातल्या एखाद्याची आईही हेच काम करत असेल. त्या दिवशी त्या मुलाला मान खाली घालावी लागू नये, उलट आपल्या आईला किती कळतं हे सगळ्या वर्गाला समजावं, अशी तयारी कर. तेवढं साधलंस, तर तुझा धडा पोचला असं मी समजेन.