गोराईच्या वाडीला हात द्यायचा, तर खर्च किती?

बोरिवलीची एखादी सोसायटी, गावातलं मंडळ किंवा चर्चचा गट अलीकडे विचारतो, ‘आमच्याकडे वीस-तीस हजार रुपये आहेत, गोराईच्या भाजीवाल्या शेतकऱ्यांसाठी काय करता येईल?’ प्रश्न मोलाचा आहे. घाई मात्र नको, कारण एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला मनोरी खाडी असलेल्या या जमिनीत पाऊस लांबला की पहिला फटका विहिरीच्या पाण्याला बसतो.

म्हणून पहिला खर्च सर्वांत लहान. पाण्यातले क्षार मोजणारं पेनासारखं टीडीएस मीटर हजार रुपयांच्या आत मिळतं. दर पंधरा दिवसांनी विहिरीचा आकडा वहीत लिहायचा. लिटरमागे 450 मिलिग्रॅमच्या आत असेल तर चिंता नाही. 2,000 च्या वर गेला तर बहुतेक भाज्यांना ते पाणी घातक. मधल्या टप्प्यात पीक बघून ठरवावं लागतं : मुळा, कांदा आणि घेवडा लवकर मान टाकतात, पालक बराच तग धरतो, बीट त्याहून अधिक. ही वही तयार नसताना ठिबकचे संच वाटणं मला साफ अमान्य आहे. खारं पाणी ठिबकने दिलं म्हणून गोड होत नाही.

दुसरी गोष्ट फुकटची. किनाऱ्यालगतच्या जमिनीत गोडं पाणी हलकं असल्याने खाऱ्या पाण्यावर तरंगतं. समुद्रपातळीच्या वर 1 मीटर गोडं पाणी असेल, तर ते खाली साधारण 40 मीटरपर्यंत खाऱ्याला थोपवून धरतं. वरची पातळी थोडी उतरली तरी खालचं खारं पाणी भराभर वर चढतं. पंप सलग चार तास चालवण्याऐवजी सकाळ-संध्याकाळ थोडा थोडा चालवावा. शेतकऱ्याची सवय बदलायला वेळ लागतो, तेवढी सोबत द्या.

मग पावसाचं पाणी. सांताक्रूझला पावसाळ्यात सरासरी सुमारे 2,300 मिलिमीटर पाऊस पडतो. 50 चौरस मीटरच्या छपरावरचा वीस टक्के वाया गेला असं धरलं, तरी 92,000 लिटर हाती येतं. पन्हळ, पाइप आणि दगड-खडी-वाळू भरलेला गाळण खड्डा एवढं केलं की ते विहिरीत सोडता येतं. कोटेशन घेताना पाइपची लांबी आधी मोजा, निम्मा फरक तिथेच पडतो. पहिल्या पावसाचं धुवण मात्र बाहेर काढायचं.

साठवायचंच असेल तर जलकुंड. ईशान्येच्या डोंगरी भागासाठी भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या उमियमच्या केंद्राने रूढ केलेला आकार 5 × 4 × 1.5 मीटर, म्हणजे 30,000 लिटर. त्याला काठासकट 72 चौरस मीटर प्लास्टिक लागतं. दर 100 रुपये धरा : 7,200. माती 30 घनमीटर, माणशी दिवसाला 2 घनमीटर धरले तर 15 मजुरी. 800 रुपयांनी 12,000. एकूण 19,200, आणि लहान मुलं-गुरं पडू नयेत म्हणून कुंपण वेगळं. एका गुंठ्याला रोज 400 लिटर आणि बाष्पीभवनाचे 100 धरले, तर दोन महिने निघतात. जागा उंचवट्याचीच घ्या. सखल जागी पावसाळ्यात जमिनीतलं पाणी प्लास्टिक खालून उचलतं. कांदळवनापासून 50 मीटरच्या आत खणायचंच नाही. अस्तर चार वर्षांनी बदलावं लागेल असं समजून दरवर्षी 1,800 रुपये बाजूला ठेवा. देणगीदार नेमकं हेच विसरतात आणि मग फाटक्या प्लास्टिकचा खड्डा उरतो.

ठिबकसाठी सरकारी अनुदान अल्प-अत्यल्प भूधारकांना 80 टक्के, इतरांना 75 टक्के असतं. अर्ज महाडीबीटीवर, सातबारा लागतो, आणि पूर्वसंमतीआधी खरेदी केली तर अनुदान बुडतं. पैसे आधी भरावे लागतात, नंतर खात्यात येतात. मंडळाने अनुदान येईपर्यंत ही रक्कम बिनव्याजी उसनी द्यावी. परत आली की पुढच्या शेतकऱ्याला. देणगीपेक्षा हा उपयोग मला फार मोठा वाटतो.

बियाण्याचा हिशेब तर आणखी वेगळा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणेच्या राहीबाई पोपेरे, 2020 च्या पद्मश्री, शेतकऱ्याला गावठी बियाणं देतात आणि हंगामानंतर दुप्पट परत घेतात. गोराईत अशी बियाणे बँक उभारायची तर हवाबंद डबे, राख आणि एक जबाबदार बाई एवढंच भांडवल. त्या बाईला मानधन द्या, हा खर्च टाळू नका. भातशेती करायची असेल तर पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचे पनवेल-1, 2, 3 हे क्षार सोसणारे वाण आहेत.

शेवटी, ज्याने वाण जपलं किंवा शोधलं त्याचं नाव. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी एचएमटी भात निवडून काढला, तो अनेक राज्यांत पोचला, पण 2018 मध्ये ते गेले तेव्हा हलाखीतच होते. वाणांचं संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांच्या 2001 च्या कायद्यानुसार शेतकऱ्याला आपल्या वाणाची नोंदणी करताना शुल्क पडत नाही. खर्च येतो तो कागदपत्रं जमवण्याचा, बियाणं वेगळं राखण्याचा आणि प्रवासाचा. तो उचलायला तुमचं मंडळ तयार असेल, तर येत्या खरिपाआधीच कामाला लागा, कारण वेगळं बियाणं राखायला अख्खा हंगाम जातो.